वरच्या घराच्या दोन ओळी

दुधाच्या गाडीवाल्याने गावाच्या टाकीतलं पळीभर दूध तोंडात घेतलं, गालात घोळवलं आणि कुलिपाच्या अंगणातच पचकन थुंकून टाकलं.

"कडू," तो म्हणाला. "आजही कडू. काकी, टाकी घासता की नुसती विसळता?"

आक-कुदुक गावातल्या बायका आपापले कॅन घेऊन रांगेत उभ्या होत्या. सगळ्यांनी एकाच वेळी कुलिपाच्या हातांकडे पाहिलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं कुलिपाला झालं. या घरात ती सून म्हणून आली त्याला चाळीस वर्षं होत आली. तिच्या जिभेला गाव घाबरायचं, तिच्या भाकरीला नावं ठेवायचं. पण तिच्या भांड्याकडे कुणी कधी बोट दाखवलं नव्हतं.

"टाकी तू चाटून बघ," ती म्हणाली. "तुझ्या घरच्या ताटापेक्षा स्वच्छ आहे."

"मी कशाला चाटू? डेअरीचा साहेब चाटतो. तो म्हणाला, या गावचं दूध असंच येत राहिलं तर गाडी पुलापासूनच माघारी वळव. वर चढूच नको." त्याने झाकण लावलं. "आजचं घेत नाही. चुलीवर ठेवा आणि कुरुत करा."

बायकांनी आपापलं दूध परत नेलं. त्या दिवशी गावभर दही लटकलं, फळ्यांवर सुक्या दह्याच्या, कुरुताच्या, गोळ्या वाळत पडल्या, आणि त्यासुद्धा कडूच निघाल्या. गावातले तरणे हात सगळे रशियाला. मागे राहिल्या म्हाताऱ्या, सुना आणि गाई. दुधाची गाडी वर चढते म्हणून दुकानात चहा-साखर उधार मिळायची. गाडी बंद म्हणजे सगळंच बंद, हे शेंबडं पोरही जाणून होतं.

कुलिपाने बाही वर सारली आणि टाकीत अर्धं अंग घालून घासायला घेतलं. सोड्याने हाताच्या पेरांना भेगा पडल्या, गरम पाण्याने त्या चरचरल्या, तरी ती थांबेना. नवरा इशेन दारात उभा राहून बघत होता. टाकी त्याच्या अंगणात, म्हणजे राखण त्याची. पण घासायची मात्र हिने.

"जोरात घास," तो म्हणाला.

"या की आत तुम्ही. मावता का बघू."

इशेन घरात गेला.

तेवढ्यात सून बाहेर आली. जिपारा. डोक्याला रुमाल, हाताला कणीक, आणि काखेत तो मेला कॉम्प्युटर. कुलिपाचा मुलगा अझमात मॉस्कोत इमारतींवर काम करायचा, त्याने तो कुणाचा तरी वापरलेला घेऊन पाठवला होता. एक कळ उडालेली. तिथे जिपाराने नखाच्या लालीचा ठिपका लावला होता. ती शहरातल्या शेतकी कॉलेजात बाहेरून शिकायची, वर्षातून दोनदा परीक्षेपुरती जाऊन यायची. लग्नात हा विषय निघाला तेव्हा इशेन आडवा येत होता. "सून शिकून काय गाईला व्याकरण शिकवणार?" असं म्हणाला होता. पण त्याच्या थोरल्या भावाने शब्द टाकला, "शिकू दे पोरीला." थोरल्यांपुढे इशेन कधी बोलला नाही, तेव्हाही बोलला नाही.

या थोरल्यांचं नाव सांगायला हवं, पण पंचाईत अशी की कुलिपाने ते उभ्या जन्मात घेतलेलं नाही. त्या मुलखात सुनेने सासऱ्याचं, थोरल्या दिराचं नाव घ्यायचं नसतं. मान राखायचा असतो. थोरल्यांच्या नावात कुऱ्हाडीचा शब्द येतो, म्हणून कुलिपा कुऱ्हाडीलासुद्धा 'तोडणी' म्हणायची. दिरांना म्हणायची 'वरचे', कारण त्यांचं घर चढावर. जिपाराही तेच शिकली. तेव्हा आपणही तूर्त थोरलेच म्हणू.

"आई," जिपारा म्हणाली, "टाकीतून बाहेर या. टाकीचा दोष नाही."

"तुला काय ठाऊक? तू चाटलीस?"

"टाकी रोज तीच. घासणारे हात रोज तेच. मग दूध रोज कडू का नाही? मधेच चार दिवस चांगलं येतं आणि मधेच कडू. का?"

कुलिपा टाकीत वाकलेली तशीच थांबली. मग पाठ धरत बाहेर आली.

कॉलेजातल्या बाईंनी जिपाराला काम दिलं होतं. गावातली एक गोष्ट रोज मोजा, एक्सेलमध्ये तक्ता मांडा, आणि त्यातून काय निघतं ते सांगा. जिपाराने दूध घेतलं होतं. बर्फ वितळल्यापासून ती रोज एक ओळ भरत होती: तारीख, दूध किती, हवा कशी, चव कशी, आणि आदल्या दिवशी गुरं कुणी नेली. घरात कुलिपा तिला छळायची: "आमच्या वेळी दूध गाय द्यायची, आता कॉम्प्युटर देतो." आणि विहिरीवर जाऊन तीच बाई सांगायची, "आमची सून बोटं हलवते आणि अख्खं गाव त्या पेटीत जाऊन बसतं." जिपाराला हे दुसरं ठाऊक नव्हतं.

दोघी उंबऱ्यावर बसल्या. पडद्यावर रकानेच रकाने होते. जिपाराने कडू दिवसांना लाल रंग दिला होता.

"हे बघा. आता मी हे तारखेने न लावता, गुरं नेणाऱ्या घराप्रमाणे लावते."

तिने दोन कळा दाबल्या आणि ओळी भराभर जागा बदलून बसल्या. इकडे तिकडे विखुरलेला लाल रंग गोळा होऊन काही मोजक्याच नावांपाशी आला होता. बरीच घरं कोरी होती.

"म्हणजे?"

"म्हणजे कुणीतरी गुरं कारा-जारच्या उतारावर नेतंय. यंदा बर्फ कमी, गवत नाही, तिथे नुसतं एर्मेन माजलंय. गाई भुकेपोटी ते खातात आणि दुसऱ्या सकाळी सगळ्या गावाचं दूध कडू."

एर्मेन म्हणजे करडं, उग्र वासाचं झुडूप, दवण्याचा रानटी भाऊ. त्याने दूध कडू होतं हे कुलिपाला लहानपणापासून माहीत होतं. पण यंदा कुणी गुरं तिथे नेत असेल हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण गावाचा ठराव होता: गुरं वरच्या कुरणातच न्यायची. चढ मोठा, पण गवत गोड. पाळीने एकेका घराने न्यायची, ज्याच्या जितक्या गाई तितके त्याचे दिवस.

"सगळ्यात जास्त लाल कुणाकडे?"

जिपाराने प्रत्येक नावापुढे बेरीज घातली आणि मोठ्यापासून लहानापर्यंत उतरंड लावली. सगळ्यात वर नाव आलं: सालकिन.

कुलिपा ताडकन उठली. ओले हात तिने परकराला पुसले, पायात गमबूट घातले आणि तशीच तरातरा गुरांच्या पाळ्या लावणाऱ्या मुखियाकडे, मुरातअलीकडे निघाली. जिपारा मागून हाक मारत होती, "आई, थांबा, मी अजून एकदा तपासते." पण कुलिपा कसली थांबते! उचलली जीभ लावली टाळ्याला. संध्याकाळपर्यंत गावात झालं: टाकी स्वच्छ आहे, कुलिपाच्या सुनेने कॉम्प्युटरवर चोर पकडला, चोर सालकिन.

सालकिन नदीकाठच्या घरात एकटी राहायची. नवरा गेलेला, मुली लग्न होऊन दूर, चार गाई हाच संसार. मुरातअली तिच्या दारात जाऊन म्हणाला, "उद्यापासून तुझी गुरं कळपात नकोत. दूधही टाकीत नको."

ती भांडली नाही. तेच गावाला पुरावा वाटलं.

पुढचे काही दिवस कुलिपाचे पाय जमिनीला लागत नव्हते. बायका मुद्दाम थांबून विचारायच्या, "कसं गं काढलं तिने?" आणि कुलिपा हवेत बोटं नाचवून दाखवायची. इशेनसुद्धा जेवताना सुनेला म्हणाला, "चार्जर फ्रीजपाशी नको ठेवू, ओल येते. खिडकीपाशी ठेव." त्याच्या तोंडून हे म्हणजे शाबासकीच होती.

एकदा सोडा आणायला जाताना कुलिपाला सालकिन रस्त्याकडेला दिसली. चारही गाई चार दोरांना. दोर तिच्या मनगटाला गुंडाळलेले, एक गाय इकडे ओढते, दुसरी तिकडे. मनगटं सोलून लाल झाली होती. गटारकाठचं धुळीचं गवत गाई ओरबाडत होत्या.

कुलिपा मान फिरवून जाणार होती, पण सालकिनच बोलली.

"मी गेले होते त्या उतारावर," ती म्हणाली. "नाही म्हणत नाही. मला घोडा नाही. ताप होता तेव्हा चढ चढवेना. चार वेळा गेले. पण कुलिपा, माझ्याशिवाय कुणीच गेलं नाही असं तुझी सून म्हणते का?"

"पेटी खोटं बोलत नाही," कुलिपा म्हणाली आणि चालू लागली. पण सोडा घ्यायचा विसरून घरी आली.

आणि दोनच दिवसांनी सकाळी गाडीवाल्याने पळी तोंडाला लावली आणि परत थुंकला.

सालकिनच्या गाई कळपात नव्हत्या. तिचं दूध टाकीत नव्हतं. तरी दूध कडू. गाडीवाला आज भांडलासुद्धा नाही. "परवा येईन," एवढंच म्हणाला. "परवा कडू निघालं तर मी शेवटचा येतोय असं समजा."

गाव कुलिपाच्या अंगणात तसंच उभं राहिलं. मग एक जण म्हणाली, "म्हणजे टाकीच ना?" दुसरी म्हणाली, "कॉम्प्युटर कसला, हात दाखवून अवलक्षण." इशेन सगळं ऐकत होता. सगळे गेल्यावर तो जिपाराला म्हणाला, "गावाने पुन्हा एक शब्द काढला तर परीक्षेला जायचं नाही. पेटी अझमातला परत धाडून देईन."

जिपाराने मान खाली घातली आणि कामाला लागली. गाई धुतल्या, शेण थापलं, भाकरी तंदूरला लावल्या. हातावर वाफ येऊन फोड आला, तरी थांबली नाही. दुपारी काम उरकल्यावर ती पेटी घेऊन खिडकीपाशी बसली, ते कुलिपा चहा ओतता ओतता चोरून बघत होती. पोरगी एकेक ओळ बोटाने खाली सरकवत होती. ओठ हलत होते. मधेच थांबली. पुन्हा वरून सुरू केलं. आणि मग तिचा चेहरा पीठ फासल्यासारखा पांढरा झाला.

"आई, कळपात घरं किती?"

"एकवीस. का गं?"

"माझ्या तक्त्यात बावीस आहेत."

कुलिपा वाटी ठेवून तिच्याशेजारी बसली. जिपाराने बोट ठेवलं. एका ओळीत लिहिलं होतं: 'वरचं घर'. त्यापुढे लाल दिवस तीन. बऱ्याच ओळी सोडून खाली आणखी एक घर होतं. तिथे एक नाव होतं, पूर्ण, जसं माणसं घेतात तसं. त्यापुढेही लाल दिवस तीन.

ते थोरल्यांचं नाव होतं.

"हे कुणी लिहिलं?" कुलिपा पडद्यापासून मागे सरकली.

"मी नाही लिहिलं. वसंतातल्या पाळ्या मुरातअलीकाकांनी फोनवर गटात टाकल्या होत्या. ते मी तिथून उचललं आणि इथे चिकटवलं. चिकटवणं म्हणजे काही नाव घेणं नव्हे, असं वाटलं मला. पुढचे दिवस मी तुम्हाला विचारून भरले, आणि तुम्ही म्हणायचात वरचे, मी लिहायची वरचं घर." तिने ओठ चावला. "पेटीला काय कळणार? तिने दोन वेगळी घरं धरली. तीन इथे, तीन तिथे. म्हणून सालकिनताई वर आल्या. आई, तिथे सालकिनताई नाहीत. तिथे वरचे आहेत. कालही पाळी त्यांचीच होती, म्हणून आज दूध कडू."

कुलिपाला एकदम घोडा आठवला. थोरल्यांचा तांबडा घोडा. वसंतापासून ते सांगत होते, घोडा लंगडतोय म्हणून चालत गुरं नेतो. आणि तो घोडा तिने परवाच बघितला होता, दावं तोडून ओढा ओलांडताना. एका उडीत. तेव्हा तिला काही वाटलं नव्हतं. नाचता येईना अंगण वाकडं, असं ती दुसऱ्या कुणाला म्हणाली असती. थोरल्यांना नाही म्हणवलं, मनातसुद्धा.

"पुसून टाक," ती म्हणाली.

"काय?"

"ते सगळं. झालं ते झालं. सालकिनला मुरातअली परत घेईल, मी सांगते त्याला. वरच्यांना तुझे सासरे एकटं गाठून काहीतरी बोलतील."

"बाबा बोलतील?" जिपाराने विचारलं.

इशेन थोरल्यांपुढे जन्मात बोलला नव्हता. दोघींनाही ते माहीत होतं.

"त्यांनी तुला शिकू दिलं," कुलिपा चिडून म्हणाली. "त्यांनीच. ते नसते तर तू आज या पेटीला हात लावला नसतास. त्याचे हे पांग फेडतेस?"

जिपाराचे डोळे भरले, पण ती हलली नाही. "आई, मला बाईंना हा तक्ता द्यायचाय. मी त्यात सालकिनताईंचं नाव वर ठेवून कसा देऊ? त्यांची मनगटं बघितलीत तुम्ही?"

बघितली होती. तेच तर डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

"मग काय करणार आहेस?"

"परवा सगळे जमतील तेव्हा सांगणार."

"नाव घेणार?"

जिपाराने पेटी मिटली. कुलिपाला उत्तर मिळालं. ही पोर घेणार. दोन वर्षांची सून, भर अंगणात, थोरल्यांच्या तोंडावर. गाव म्हणणार, कॉलेजाने बिघडवली. इशेन म्हणणार, पेटी परत. आणि वाईट हे की पोरीचं खरं असेल, तरी लोकांना आठवेल ते फक्त तिने नाव घेतलं एवढंच.

ठरलेल्या सकाळी गाडी यायच्या आधीच अंगण भरलं. बायका कॅन घेऊन आल्या, म्हातारे कुंपणाला टेकले. कुलिपाने स्वतः जाऊन सालकिनला बोलावून आणलं. ती एका बाजूला, रिकाम्या हाताने उभी राहिली. थोरले आले ते काठी टेकत, सावकाश, आणि नेहमीप्रमाणे टाकीशेजारच्या बाकावर बसले. पांढरी टोपी, ताठ पाठ, दाढी विंचरलेली. जागा त्यांची होती. तिथे दुसरं कुणी बसत नसे.

जिपाराने पेटी टाकीच्या झाकणावर ठेवली.

"माझ्या तक्त्यात चूक होती," ती म्हणाली. आवाज लहान होता, पण कापत नव्हता. "चूक माझी. मी एक घर दोनदा धरलं. सालकिनताई चारदा कारा-जारला गेल्या, पण सगळ्यात जास्त त्या नाहीत. त्यांना कळपाबाहेर काढलं ते माझ्यामुळे. मी त्यांची माफी मागते."

कुजबूज झाली. मुरातअली म्हणाला, "मग जास्त कोण, ते सांग."

"वरचं..." जिपारा थांबली.

"वरचं म्हणजे? अर्धं गाव वरच आहे."

"सारवासारव चाललीये," कुंपणावरून कुणीतरी म्हणालं. "आधी एकीवर घातलं, आता दुसऱ्यावर."

"नाव सांग की गं! पेटीत नाव नाही का?"

इशेन दारात उभा होता. त्याचा चेहरा दगडासारखा झाला होता. जिपाराने त्याच्याकडे पाहिलं, मग बाकाकडे, मग श्वास घेतला. तिचे ओठ उघडताना कुलिपाने पाहिले.

आणि कुलिपाने हातातली पळी टाकीवर आपटली.

"बाल्ताबाय!"

कुलिपाच्या तोंडात ते नाव अजून तसंच होतं, परक्या पदार्थाच्या चवीसारखं. पण एकदा म्हटलं ते म्हटलं. तिने डोक्याचा रुमाल नीट केला आणि पुढे झाली.

"बाल्ताबाय. माझे थोरले दीर. नाव मी घेतलंय, सुनेने नाही. कुणाला काही बोलायचं असेल तर मला बोला. सहा वेळा गुरं उतारावर गेली त्यांच्या पाळीला. हे माझ्या सुनेने काढलं. चुकली होती, ते तिनेच शोधलं आणि तिनेच तुमच्यासमोर येऊन सांगितलं. आपली चूक अशी भर चौकात सांगणारा एक तरी बाप्या दाखवा मला या गावात. आहे?"

सगळ्यांच्या नजरा बाकाकडे गेल्या.

थोरले काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. ते म्हणाले, "घोडा लंगडा नाही."

मुरातअली पुढे वाकला. "काय म्हणालात?"

"घोडा लंगडा नाही, म्हटलं. लंगडा मी आहे. रिकिबीत पाय जात नाही. गुडघा वाकतच नाही." त्यांनी गुडघ्यावर मूठ मारली. "घोड्यावर चढता येत नाही हे गावाला कसं सांगू? आणि पाळी चुकवली तर म्हणतील, म्हातारा आळशी झाला. मग जवळच्या उतारावर नेत होतो. एर्मेन आहे हे मला दिसत होतं. दिसत होतं."

कुंपणाला टेकलेले म्हातारे आपापल्या गुडघ्यांकडे बघायला लागले.

सालकिनच पहिली बोलली. "तुमच्या पाळीची गुरं मी नेते."

"तू?"

"पण घोडा मला द्यायचा. चालत मी एक दिवस जाणार नाही, आधीच सांगते."

"तो घोडा चावतो," थोरले म्हणाले.

"मीपण चावते."

आधी कुणाला हसावं की नाही ते कळेना. मग थोरल्यांचीच दाढी हलली, आणि अंगणात हशा पिकला. मुरातअलीने डोक्यावरची टोपी मागे सारली आणि सालकिनला म्हणाला, "उद्यापासून गाई कळपात आण. आणि... आणि काय, आण." माफी मागण्यात तो जिपाराइतका तयार नव्हता.

खालच्या वळणावर गाडीचा आवाज आला. कालची गुरं वरच्या कुरणात गेली होती, आज दूध गोड होतं. बायका कॅन उचलायला लागल्या. तेव्हा थोरले काठी टेकत उठले आणि टाकीपाशी आले. जिपारा झटकन मागे सरली, मान खाली.

"मला दाखव कुठे आहे ते," ते म्हणाले.

तिने बोटाने दाखवलं. त्यांनी डोळे बारीक करून वाचलं, एक ओळ वर, एक ओळ खाली.

"दोन घरं दिलीस मला," ते म्हणाले. "दोन घरांएवढं दूध देतोय का मी? एक कर." मग कुलिपाकडे वळून विचारलं, "हिचं नाव काय गं? सून सून म्हणतो आपण सगळे."

"जिपारा," कुलिपा म्हणाली. "जिपारा नाव आहे तिचं. शेतकी कॉलेज, दुसरं वर्ष."

"जिपारा," थोरले म्हणाले, "'वरचं घर' खोड. तिथे माझं नाव लिही. तुझ्या हाताने लिही, चिकटवू नको. बाईंना नावानिशी कळू दे, कोण गेलं होतं ते."

जिपाराने वर पाहिलं, सासूकडे. डोळ्यांत विचारणं होतं.

"माझ्याकडे काय बघतेस?" कुलिपा म्हणाली. "लिही की. मोठ्यांनी सांगितलंय."

जिपाराने बोटं कळांवर ठेवली. थोरले शेजारी उभे राहून एकेक अक्षर सांगत होते, जणू तिला येतच नव्हतं, आणि ती एकेक अक्षर टिपत होती. बायका कॅन घेऊन तशाच थांबल्या. इशेन दारातून दोन पावलं पुढे आला आणि सुनेच्या खांद्यावरून पडद्याकडे बघायला लागला. शेवटचं अक्षर बसलं. बावीस ओळींच्या एकवीस झाल्या. आणि कुलिपा गाडीवाल्याला अंगणातूनच ओरडून म्हणाली, "दोन मिनिटं थांब रे! आमची सून लिहितेय."